वही उघडी ठेवा



शिरूर काय, दौंड काय, पेठेत गिऱ्हाईक कमी झालं, सगळे मोबाइलवर मागवतात, ही तक्रार रोज कानावर येते. "आपल्या गावच्या दुकानातूनच घ्या," असं मीही सांगते. पण गिऱ्हाइकानं पाठ फिरवली, ती काही पहिल्यांदाच नाही.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावानं मारवाडी सावकारावर बहिष्कार टाकला. अमेरिकेतलं युद्ध १८६५ ला संपलं आणि इथल्या कापसाचे भाव कोसळले. शेतसारा मात्र वाढला, कर्ज फुगत गेलं. १२ मे १८७५ ला भीमथडीतल्या सुप्याच्या आठवडे बाजारात दुकानं लुटली. लोकांना मुख्यतः कर्जरोखे आणि वह्या हव्या होत्या. त्यांची होळी झाली. पुढे १८७९ ला शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला.

मी बी.कॉम. झालेली, व्यापारी घरातली. हे वाचताना आधी राग येतो, मग मान खाली जाते. खोटं वजन-माप हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार. निरक्षराच्या खात्यावर चढवलेला आकडाही मला त्यातलाच वाटतो.

पेठ जगवायची तर गिऱ्हाइकाला हक्कानं बोलवा. पण वही त्याच्यासमोर उघडी ठेवा.