एक माणूस, दोन वह्या

मामा १९९९ साली गेला. ट्रक चालवायचा, कोल्हापूर ते बंगळूर. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं होतं: क्षयरोग. घरात आणखी एक शब्द कुजबुजला जायचा. आम्ही पोरं खोलीत शिरलो की तो थांबायचा.

खूप नंतर मला कळलं की मामा बहुधा चुकीच्या रकान्यात मोजला गेला. एचआयव्ही असलेला माणूस टीबीने मेला, तर रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार तो मृत्यू एचआयव्हीच्या खात्यात जातो. पण त्यासाठी एचआयव्ही आहे हे आधी कागदावर यायला हवं ना!

टीबीचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ पासूनचा. एचआयव्ही भारतात पहिल्यांदा सापडला १९८६ मध्ये, मद्रासला. त्यासाठी १९९२ मध्ये 'नॅको' आली. वेगळं ऑफिस, वेगळा निधी, वेगळी वही. जंतूंना ही वाटणी मान्य नव्हती. टीबीचे जंतू अंगात झोपलेले असले, तरी निरोगी माणसाला आयुष्यभरात टीबी होण्याची शक्यता साधारण ५ ते १० टक्के. एचआयव्हीवर उपचार नसतील, तर जवळपास तेवढीच शक्यता दर वर्षाला.

मग वह्या जोडायला काय हरकत होती? होती, आणि मला ती पटते. गोळ्याच नसताना नावापुढे 'पॉझिटिव्ह' लिहिणं म्हणजे माणसाला गावातून उठवणं. म्हणून पाहणी निनावी व्हायची. रक्त घ्यायचं, नाव काढून टाकायचं, मग तपासायचं. २००६-०७ मध्ये १५ जिल्ह्यांतल्या टीबी रुग्णांची अशीच पाहणी झाली. कूचबिहारमध्ये १ टक्का, गुंटूरमध्ये १३.८ टक्के. सरकारला टक्का कळला. ज्याचं रक्त होतं त्याला त्या तपासणीतून काहीच कळलं नाही. इथे मात्र मी अडखळतो, कारण तोवर औषध आलेलं होतं.

१ एप्रिल २००४ पासून निवडक सरकारी केंद्रांत एआरटी मोफत मिळू लागली होती. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने दोन्ही कार्यक्रमांनी मिळून काम करण्याचं धोरण मांडलं. आपल्याकडे महाराष्ट्रासह सहा राज्यांत २००१ पासून तसा प्रयत्न चालू होताच, पण विचारण्यात खरा अर्थ आला तो औषधामुळे. उत्तर मिळाल्यावर हातात काहीतरी ठेवता येत होतं. हळूहळू टीबीच्या कार्डावर एचआयव्हीचा रकाना आला, आणि एचआयव्हीच्या केंद्रात "खोकला आहे का?" हा प्रश्न.

२०१० मध्ये मामीचा खोकला दोन आठवडे हटेना. कार्ड भरता भरता नर्सने सहज विचारलं, "मावशी, ती रक्ताची तपासणी झालीय का?"

अकरा वर्षांत तिला हे कोणीच विचारलं नव्हतं. ज्या दवाखान्यात मामा गेला, तिथेही नाही.

मामी अजून गोळ्या आणायला जाते. एसटीने, एकटी. परत येताना माझ्या मुलीसाठी चिक्की आणते.