वर्गणीची वही

१९९६ साली लोकसभेच्या बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे होते. आकडा छपाईची चूक वाटावा असा आहे, पण खरा आहे. सीमाप्रश्नाकडे दिल्लीचे लक्ष जावे म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीने शेकड्यांनी अर्ज भरवले होते. त्याच निवडणुकीत आंध्रातल्या नलगोंड्यात ४८० उमेदवार होते. तिथला प्रश्न फ्लोराईडयुक्त पाण्याचा होता.

अर्ज भरायचा म्हणजे अनामत आलीच. तेव्हा लोकसभेसाठी ती ५०० रुपये होती. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते पडली नाहीत तर अनामत जप्त होते. मते इतक्या जणांत वाटली गेल्यावर बहुतेकांचे पैसे जाणार, हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट होते. म्हणजे बुडणार हे पक्के ठाऊक असलेला पैसा लोकांनी भरला. निवडणुकीतला खर्च म्हणजे पाच वर्षांत वसूल करायचे भांडवल, असे मानणाऱ्यांना हा हिशेब कळणे कठीण!

सरकारने त्यावर उत्तर दिले ते कायद्याने. त्याच वर्षी लोकसभेची अनामत ५०० वरून १०,००० रुपये झाली आणि मान्यताप्राप्त पक्षाचा नसलेल्या उमेदवाराला दहा सूचक सक्तीचे झाले. २०१० पासून ही अनामत २५,००० रुपये आहे. तरीही २०१९ मध्ये निजामाबादेत हळद-उत्पादक शेतकऱ्यांनी अर्ज भरले आणि उमेदवारांची संख्या १८५ वर गेली. पैसेवाल्या उमेदवाराला २५,००० रुपये म्हणजे एका सभेच्या मांडवाचे भाडे. महाग झाला तो गरिबाचा निषेध.

हा पैसा जमतो कसा, ते मला खानापूर तालुक्यातल्या एका गावात पाहायला मिळाले. २०१८ चा एप्रिल महिना होता आणि कर्नाटक विधानसभेचे मतदान १२ मे रोजी होते. चोर्ला घाट चढून गेले की हा तालुका लागतो. आमची म्हादई उगम पावते ती इथेच. एका घराच्या अंगणात चाळीसेक माणसे जमली होती. काजूचा हंगाम होता, त्यामुळे दिवसभराचे काम आटोपून रात्री नऊला बैठक सुरू झाली. भाषणे दोनच झाली, तीही आटोपशीर. मग वही निघाली.

एक तरुण नाव आणि रक्कम मोठ्याने वाचायचा, दुसरा पावती फाडायचा. शंभर, दोनशे, कुणाचे पाचशे. एकाने सांगितले, "काजूचे पैसे आले की देतो, नाव तेवढं लिहून ठेव." नाव लिहिले गेले, आकड्याची जागा कोरी राहिली. ही पद्धत सगळ्यांना सुखाची असते असे नाही. शेजाऱ्याने पाचशे दिल्यावर शंभराची नोट काढणाऱ्याचा हात थोडा अडखळतो, हे मी पाहिले. पण कोणी किती दिले आणि कोणासाठी दिले, यात लपवाछपवी नव्हती.

म्हणून तर त्या वहीला प्रश्नही विचारता येत होता. एक वयस्क शेतकरी पैसे पुढे करून म्हणाले, "पैसे देतोय बघा तात्या. पण उमेदवार एकच पाहिजे. दोघे उभे राहणार असाल तर आमची वर्गणी कुणाच्या खिशात गेली म्हणायची?" तात्यांकडे याचे उत्तर नव्हते. समितीत फूट होती आणि गावाला ती माहीत होती. वर्गणी तरीही जमली.

योगायोग पाहा, त्याच्या आदल्याच महिन्यात, मार्च २०१८ मध्ये, देशात निवडणूक रोख्यांची पहिली विक्री झाली होती. देणाऱ्याचे नाव जनतेला कळू नये, हीच त्या योजनेची रचना होती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. मतदाराला माहितीचा हक्क आहे, हे त्यामागचे मुख्य कारण. ते वाचताना मला खानापूरची वही आठवली. न्यायालयाला सहा वर्षांनी जे सांगावे लागले, ते त्या अंगणात रिवाज म्हणून चालू होते.

पुढे काय झाले? २०१३ मध्ये समितीचे दोन आमदार निवडून आले होते, एक बेळगाव दक्षिणमधून आणि एक खानापुरातून. २०१८ मध्ये खानापुरात समितीच्या नावाने दोन गट लढले आणि समितीला कुठेच जागा मिळाली नाही. २०२३ मध्येही हाती शून्यच आले. शेतकऱ्याचा प्रश्न बरोबर होता.

आम्हा गोवेकरांना १६ जानेवारी १९६७ रोजी एकदा तरी विचारले गेले. सार्वमतात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली, आणि आमचा प्रश्न त्या मोजणीने मिटला. निकाल कुणाला रुचला, कुणाला नाही, पण मोजणी झाली. सीमाभागाला १ नोव्हेंबर १९५६ पासून असे कुणी विचारलेलेच नाही. महाराष्ट्राने २००४ मध्ये केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. ज्यांना थेट प्रश्न विचारला जात नाही, ती माणसे प्रत्येक निवडणुकीलाच सार्वमत करून टाकतात आणि त्याचा खर्च स्वतःच्या खिशातून भरतात. विजय दिसत नसताना दिलेल्या त्या शंभर रुपयांचा मला लागलेला अर्थ हा एवढाच.