तळ्याचं पाणी कोणाच्या वाट्याला?

आज आपण पाण्याच्या वाटपाचा इतिहास बघू. पाऊस कमी झाला आणि तळं अर्धंच भरलं, की गावात वाद उभा राहतो. बाजारात चांगला भाव असलेल्या पिकाला पाणी द्यायचं, की सगळ्यांना थोडं थोडं? हा वाद जुनाच आहे. आपल्या आधीच्या लोकांनी तो कसा सोडवला, ते ऐका.

सुरुवात आपल्याच घरापासून करू. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या भागांत मालगुजारी तलाव आहेत. आपण त्यांना मामा तलाव म्हणतो. गोंड राजांच्या काळात जो तळं बांधेल त्याला त्याखालची जमीन मिळायची, असं सांगतात. कोहळी समाज या कामात तरबेज होता. पाणी धानाचं होतं. रोवणी झाली आणि पावसाने दडी मारली, की तुडूम उघडायचं आणि बांधी वाचवायची. धान निघाल्यावर ओलीवर लाखोळी, हरभरा, जवस. पण तुडूम कधी उघडायचं यात मालगुजाराचा शब्द चालायचा. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तळी सरकारच्या ताब्यात आली. मालगुजार गेला, पण त्याच्या जागी पाण्याचा हिशेब ठेवणारं गावात कोणी उरलं नाही. गाळ साचत गेला.

आता धुळे-नाशिककडे चला. पांझरा, मोसम या नद्यांवर जुनी फड पद्धत होती. नदीला छोटा बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे, म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. ऊस कोणत्या फडात, ज्वारी कोणत्या, हे सगळे मिळून ठरवायचे. पाणी कमी असलं की कमी फड भिजवायचे. प्रत्येकाची जमीन वेगवेगळ्या फडांत असल्यामुळे तोटाही सगळ्यांत वाटला जायचा. पाणी द्यायला पाटकरी आणि राखणीला जागल्या, त्यांची मजुरी शेतकरीच द्यायचे.

तिसरी गोष्ट पुरंदर तालुक्यातल्या नायगावची. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीप्रमाणे न देता माणसांप्रमाणे द्यायचं, असा त्यांचा नियम. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. आणि ऊस लावायचा नाही, कारण एकाचा ऊस दहा जणांची ज्वारी पितो.

चौथी गोष्ट परदेशी जाणाऱ्या पिकाची. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे. कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचतच नव्हतं. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने ओझर भागात १९९० नंतर पाणी वापर संस्था निघाल्या. पुढे चोवीस संस्था मिळून सगळ्या प्रकल्पाचं पाणी वाटू लागल्या. तिथे पाणी मोजून मिळतं. ठरलेल्या वाट्यात कोणतं पीक घ्यायचं ते शेतकऱ्याने ठरवायचं. मग लोकांनी ठिबक बसवलं, द्राक्षं लावली, आणि ती द्राक्षं परदेशात गेली. पाणी मोजल्यामुळे टोकाचा शेतकरीही उभा राहिला. २००५ च्या कायद्याने अशा संस्थांना राज्यभर आधार दिला.

मैत्रिणींनो, यात आपल्यासाठी एक खाच आहे. वाघाडचा वाटा जमिनीवर ठरतो. सातबाऱ्यावर जिचं नाव नाही, ती रोवणीत दिवसभर चिखलात वाकली तरी संस्थेच्या सभेत तिला मत नाही. नायगावच्या हिशेबात मात्र घरातली बाईही मोजली जायची. म्हणून वाटप चांगलं की वाईट हे विचारण्याआधी, मोजताना कोणाला धरलं, ते विचारावं.

दुसरी गोष्ट बाजाराची. २० जुलै २०२३ ला केंद्र सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये परत उघडली. भाव दिल्लीत आणि परदेशात ठरतो, पण पाणी आपल्या तळ्यातून जातं. एक किलो तांदळामागे अडीच-तीन हजार लिटर पाणी लागतं असं धरतात. भावाच्या आशेने सगळं पाणी उन्हाळी धानाला दिलं, तर मे महिन्यात गुरं, मासे आणि परसातला भाजीपाला यांना काय उरेल? बाहेर विकायला पिकवू नये, असं मी म्हणत नाही. वाघाडने ते करून दाखवलं. पण त्यांनी आधी पाणी मोजलं आणि मग द्राक्षं लावली.

तेव्हा गटाच्या येत्या बैठकीत तीन कामं घ्या. धान निघाल्यावर तळ्यात किती पाणी आहे, ते सरपंचांसोबत जाऊन बघा आणि लिहून ठेवा. प्यायला, गुरांना आणि मासोळीला किती ठेवायचं, ते ग्रामसभेत आधी ठरवा, उन्हाळी पिकाचं नंतर. आणि सातबाऱ्यावर आपलं नाव लावून घ्या. पत्नीचं नाव लावण्यासाठी शासनाचा लक्ष्मी मुक्तीचा निर्णय १९९२ पासून आहे. तलाठ्याकडे एकटीने जाऊ नका, दहा जणी मिळून जा.