माळवद, छप्पर आणि वणवा : नांदेड–लातूरकडील आपत्तींचा बोध

राजवटींचा इतिहास आपण आवडीने वाचतो. परंतु ज्या घरांत आपले पूर्वज जन्मले आणि प्रसंगी ज्यांच्या ढिगाऱ्याखाली गेले, त्या घरांचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. वास्तविक कोणत्या आपत्तीचे भय समाजाने बाळगले व कोणतीचा त्याला विसर पडला, हे घरांच्या बांधणीतच नोंदलेले असते.

तेरणाकाठच्या गावांनी चिखलात बसविलेल्या दगडांच्या दीड–दोन हात रुंद भिंती घातल्या व वर मातीचे माळवद चढविले. ऊन, चोर आणि आग या तिन्हींपासून ते घर रक्षण करी. गळती थांबावी म्हणून प्रत्येक पिढी माळवदावर नवी माती टाकीत गेली आणि माथ्यावरचा भार वाढत गेला. किल्लारीस 1992 मध्ये भूकंपाचे धक्के जाणवले होते. तथापि लोक त्याच माळवदाखाली निजत राहिले. 30 सप्टेंबर 1993 रोजी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी धरणी हादरली. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. 52 गावांचे नव्या जागी पुनर्वसन करावे लागले. भिंतींच्या दोन्ही अंगांना सांधणारे आरपार दगड नव्हते. त्यामुळे त्या उकलून कोसळल्या. गरिबांच्या कुडाच्या झोपड्या मात्र बहुधा तगल्या.

म्हणून कुडाचे छप्परच निर्धोक, असे कोणी मानू नये. नांदेडच्या ईशान्येस, 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात मोडणाऱ्या किनवटच्या सागवनात गोंड, कोलाम, आंध व बंजारा बांधवांची वस्ती आहे. तेथे माघ–फाल्गुनात पानगळ होऊन रान वाळलेल्या पाचोळ्याने भरते. मोहाची फुले वेचणे सोपे व्हावे, तेंदूला कोवळी पालवी फुटावी, म्हणून पाचोळ्यास काडी लावण्याची रीत अशा रानांत जुनी आहे. वारा फिरला की तीच काडी वणवा होते व गवती छपरापर्यंत पोचते. वनखाते उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढते; 1927 च्या वन कायद्याने राखीव वनात आग लावणे हा गुन्हा ठरविला असून, वनात हक्क असणाऱ्यांवर ती विझविण्यास साहाय्य करण्याचे बंधनही घातले आहे. परंतु आग विझविण्यास पाणी लागते. लातूर शहराला 12 एप्रिल 2016 पासून मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे ध्यानी घेतले म्हणजे ऐन उन्हाळ्यात आडगावाची अवस्था काय होत असेल, ते निराळे सांगावयास नको.

सारांश, एका संकटापासून राखणारे घर दुसऱ्यापुढे उघडे पडते. माळवदाने आग अडविली पण भूकंपात प्राण घेतले. छप्पर भूकंपात तरले पण ठिणगीला भ्याले. म्हणून कडब्याची गंजी व गोवऱ्यांचा ढीग घरापासून दूर रचावा, मोहाखालचा पाला जाळण्याऐवजी झाडून काढावा आणि नवे घर बांधताना भिंतींना सलग पट्ट्यांनी बांधून घ्यावे. 1993 साली दहा वर्षांची असलेली मुले आज चाळिशी ओलांडून गेली आहेत. त्यांनी व त्यांच्या वडीलधाऱ्यांनी जे पाहिले, ते प्रत्येक कुटुंबाने वेळीच लिहून ठेवावे. माळवदावर मातीचे थर चढले तसे विस्मृतीचे थर चढू देणे आपणांस परवडणारे नाही.