महाराष्ट्रातील कर्करोग-रुग्णसेवा संशोधन

महाराष्ट्रातील कर्करोग-रुग्णसेवा संशोधन या संज्ञेत राज्यातील रुग्णालयांनी कर्करोगाच्या रुग्णांवरील शस्त्रक्रिया, औषधोपचार, वेदनाशमन आणि आयुष्याच्या अखेरच्या काळातील शुश्रूषा यांविषयी केलेल्या वैद्यकीय चाचण्यांचा समावेश होतो. या संशोधनाचे प्रमुख केंद्र मुंबईतील परळ येथील टाटा मेमोरियल रुग्णालय हे आहे. बार्शी (जि. सोलापूर) येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयानेही ग्रामीण भागातील संशोधनात महत्त्वाचा वाटा उचलला आहे. नवे औषध शोधण्यापेक्षा उपलब्ध उपचार कोणाला, केव्हा व किती द्यावा, तसेच कोणता उपचार देऊ नये, हे ठरविणे हे यांतील अनेक चाचण्यांचे वैशिष्ट्य होय.

पार्श्वभूमी

लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. भारतात कर्करोगावर अद्ययावत उपचार व्हावेत ही त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांची इच्छा होती. परंतु १९३२ साली त्यांचेही निधन झाले. पुढे सर दोराबजी टाटा न्यासाच्या साहाय्याने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. १९५७ साली ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे सोपविण्यात आले. संस्थेचे खारघर (नवी मुंबई) येथेही संशोधन केंद्र व रुग्णालय आहे.

बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीसह परांडा व भूम या तालुक्यांतील गावांमधून कर्करोगाच्या रुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवणारी ही देशातील पहिली ग्रामीण नोंदणी होय. तोपर्यंत भारतातील कर्करोगाविषयीची माहिती मुख्यतः शहरांपुरती मर्यादित होती.

चाचणीची पद्धत

दोन उपचारांपैकी कोणता चांगला हे ठरविण्यासाठी यादृच्छिक नियंत्रित चाचणी ही सर्वांत विश्वसनीय पद्धत मानली जाते. संमती दिलेल्या रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, म्हणजे कोणाच्याही पसंतीविना, दोन किंवा अधिक गटांत विभागले जाते. एका गटाला नवा उपचार मिळतो आणि दुसऱ्याला प्रचलित उपचार मिळतो. त्यानंतर काही वर्षे दोन्ही गटांतील रुग्णांचा पाठपुरावा केला जातो. डॉक्टरांनी स्वतः निवड केली, तर प्रकृतीने सशक्त रुग्ण एका गटात व अशक्त रुग्ण दुसऱ्या गटात जाण्याचा संभव असतो. तसे झाल्यास दिसणारा फरक उपचाराचा की मूळ प्रकृतीचा हे सांगता येत नाही. यादृच्छिक विभागणीमुळे हा दोष टळतो.

निष्कर्ष वाचताना काय मोजले आहे हे पाहणे आवश्यक असते. गाठ लहान होणे, आजार न उलटता गेलेला काळ, एकूण आयुर्मान आणि जीवनमान ही चार वेगवेगळी मापे आहेत. एका मापावर लाभ दिसला म्हणजे इतरांवरही तो दिसेलच असे नाही.

शस्त्रक्रियेविषयीचे संशोधन

तोंडाच्या कर्करोगात मानेवरील शस्त्रक्रिया

तंबाखू व सुपारीच्या सेवनामुळे भारतात तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे आहे. गाठ लहान असून मानेतील लसिका ग्रंथी हाताला लागत नसतील, तर तोंडातील गाठीबरोबरच त्या ग्रंथीही काढाव्यात की त्या वाढल्यावरच पुढची शस्त्रक्रिया करावी, याविषयी शल्यचिकित्सकांत अनेक दशके मतभेद होते. मानेवरील शस्त्रक्रियेमुळे खांदा दुर्बल होण्याची शक्यता असते. म्हणून ती अनेकांवर विनाकारण लादली जाते असे एका पक्षाचे म्हणणे होते. ग्रंथी वाढल्याचे लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो, असे दुसरा पक्ष म्हणत असे.

डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाटा मेमोरियल रुग्णालयात २००४ पासून या प्रश्नावर चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पहिल्या ५०० रुग्णांच्या विश्लेषणात, सुरुवातीसच ग्रंथी काढलेल्या गटातील ८०.० टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते. वाट पाहिलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. म्हणजेच दर शंभर रुग्णांमागे सुमारे बारा रुग्ण अधिक वाचले. यासाठी नव्या औषधाची वा यंत्राची गरज लागली नाही. शस्त्रक्रियेची वेळ तेवढी बदलली.

स्तनाच्या कर्करोगातील शस्त्रक्रिया

निदानाच्या वेळीच शरीराच्या इतर भागांत पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात मूळ गाठ काढल्याने आयुष्य वाढते का, हा प्रश्न डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखालील चाचणीत तपासण्यात आला. २००५ ते २०१३ या काळात ३५० स्त्रिया तीत सहभागी झाल्या. एका गटातील स्त्रियांवर स्तन व काखेतील भागावर शस्त्रक्रिया आणि त्यानंतर किरणोपचार करण्यात आले. दुसऱ्या गटात ते करण्यात आले नाहीत. २०१५ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आयुर्मानाचा मध्यक शस्त्रक्रिया झालेल्या गटात १९.२ महिने आणि दुसऱ्या गटात २०.५ महिने होता. हा फरक नगण्य होता. पुढे अमेरिकेतील एका चाचणीनेही याला दुजोरा दिला. तुर्कस्तानातील चाचणीत मात्र पाच वर्षांनंतर शस्त्रक्रियेचा लाभ दिसून आला. त्यामुळे निवडक रुग्णांबाबत चर्चा सुरू राहिली.

अशा नकारात्मक निष्कर्षाचे मोल रुग्णाच्या दृष्टीने मोठे असते. आयुष्याचे मोजके महिने हाती असताना लाभ न देणारी शस्त्रक्रिया, तिची वेदना, खर्च व रुग्णालयातील मुक्काम टाळता येतो.

शस्त्रक्रियेच्या क्षणी गाठीतील पेशी इतरत्र पसरत असाव्यात, या तर्कावर आधारित आणखी एक चाचणी डिसेंबर २०११ पासून अकरा केंद्रांवर घेण्यात आली. तीत गाठ काढण्यापूर्वी काही मिनिटे गाठीभोवती लिग्नोकेन हे जागा बधिर करणारे औषध टोचण्यात आले. १,६०० स्त्रियांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण औषध टोचलेल्या गटात ९०.१ टक्के आणि इतरांत ८६.४ टक्के होते. लिग्नोकेन हे स्वस्त असून दंतचिकित्सेत व किरकोळ शस्त्रक्रियांत नित्य वापरले जाते. तुलनेच्या गटात औषधविरहित इंजेक्शन दिलेले नव्हते, त्यामुळे अन्यत्र स्वतंत्र चाचणीने याची पुष्टी व्हावी अशी अपेक्षा काही तज्ज्ञांनी व्यक्त केली.

औषधोपचार व दुष्परिणाम

बरा होण्याच्या पलीकडे गेलेल्या आजारात उपचाराचा हेतू आयुष्य शक्य तितके वाढविणे व त्रास कमी करणे हा असतो. डोके व मान यांच्या प्रगत कर्करोगात शिरेवाटे दिल्या जाणाऱ्या सिस्प्लॅटिनसाठी रुग्णाला वारंवार रुग्णालयात यावे लागते. डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी त्याची तुलना मेथोट्रेक्सेट व सेलेकॉक्सिब या तोंडावाटे घ्यावयाच्या स्वस्त गोळ्यांशी केली. ४२२ रुग्णांच्या या चाचणीत (२०२०) आयुर्मानाचा मध्यक गोळ्या घेणाऱ्यांत ७.५ महिने आणि सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांत ६.१ महिने होता. तीव्र दुष्परिणामही गोळ्या घेणाऱ्यांत कमी आढळले. फरक सव्वा-दीड महिन्यांचाच असला, तरी हे उपचार घरी राहून घेता येतात.

निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्तीवर आधारित औषध अत्यंत महाग असल्याने बहुसंख्य भारतीय रुग्णांच्या आवाक्याबाहेर आहे. याच गटाने १५१ रुग्णांच्या चाचणीत, गोळ्यांच्या उपचाराला दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम निव्होलुमॅबची जोड दिली. ही मात्रा प्रचलित मात्रेच्या दशांशाहूनही कमी आहे. एक वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले.

केमोथेरपीनंतरच्या मळमळ व उलटीवर ओलान्झापिन हे औषध गुणकारी आहे. परंतु त्याच्या १० मिलिग्रॅम मात्रेने रुग्णाला दिवसभर गुंगी येते. डॉ. ज्योती बाजपेयी व सहकाऱ्यांनी २.५ मिलिग्रॅम मात्रेशी तिची तुलना केली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लहान मात्रा उलटी-मळमळ आटोक्यात ठेवण्यात कमी पडली नाही. पहिल्या दिवशी तीव्र गुंगी आलेल्यांचे प्रमाण मोठ्या मात्रेत ४० टक्के होते, ते लहान मात्रेत ५ टक्क्यांवर आले.

उपशामक शुश्रूषा

आजार बरा करणे शक्य नसले तरी वेदना, धाप, अन्न गिळण्याचा त्रास, निद्रानाश, भीती व कुटुंबावरील ताण यांवर उपाय करता येतात. या शाखेस उपशामक शुश्रूषा म्हणतात. रुग्णालयांत ती पॅलिएटिव्ह केअर या नावाने ओळखली जाते. डेम सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सुरू केलेल्या सेंट ख्रिस्तोफर्स या संस्थेपासून तिचा आधुनिक इतिहास सांगितला जातो. भारतातील अशा प्रकारची पहिली संस्था, शांती अवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे टाटा मेमोरियल रुग्णालयातील शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या पुढाकाराने सुरू झाली. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र कार्यरत आहे.

तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे प्रभावी व स्वस्त औषध आहे. मात्र १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील अनेक परवान्यांच्या अटींमुळे ते मिळणे अवघड झाले होते. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वैद्यकीय वापरासाठीची प्रक्रिया सुलभ करण्यात आली.

उपशामक शुश्रूषा उपचारांच्या आरंभापासून द्यावी का, यावर अमेरिकेत २०१० साली महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध झाले. फुप्फुसाच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी ज्यांना ती आरंभापासून मिळाली, त्यांचे जीवनमान सुधारले व आयुर्मानाचा मध्यकही ८.९ महिन्यांवरून ११.६ महिन्यांवर गेला. टाटा मेमोरियल रुग्णालयात डोके व मान यांच्या प्रगत कर्करोगाच्या १८० रुग्णांवर अशीच चाचणी झाली. तीत जीवनमानात लक्षणीय फरक आढळला नाही. यावरून ही शुश्रूषा निरुपयोगी ठरत नाही. एका देशातील, एका आजारातील निष्कर्ष दुसरीकडे जसाच्या तसा लागू करता येत नाही, एवढे मात्र यातून स्पष्ट होते.

अखेरच्या काळातील निर्णय

कृत्रिम उपायांनी आयुष्य लांबवावे का, या प्रश्नाची भारतातील कायदेशीर चर्चाही परळमध्येच सुरू झाली. के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग या नोव्हेंबर १९७३ मधील हल्ल्यानंतर चार दशकांहून अधिक काळ अचेतनप्राय अवस्थेत होत्या. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निष्क्रिय दयामरणास तत्त्वतः मान्यता दिली. मात्र अरुणा यांची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या रुग्णालयातील कर्मचाऱ्यांच्या इच्छेचा मान राखून त्यांच्याबाबतची विनंती अमान्य केली. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. ९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क व आगाऊ वैद्यकीय निर्देश मान्य झाले आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्यासाठीची प्रक्रिया सोपी करण्यात आली.

नैतिक प्रश्न व टीका

धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची मोठी चाचणी झाली. तीत ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश होता. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटतात, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून दिसून आले. मुंबईतील वस्त्यांत झालेल्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चाचणीत, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ॲसिटिक आम्ल लावून केलेल्या साध्या तपासणीने असे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

या दोन्ही चाचण्यांत नियंत्रण गटातील स्त्रियांची तपासणी करण्यात आली नव्हती. तपासणीचे फायदे अन्य देशांत ज्ञात असताना हजारो स्त्रियांना त्यापासून वंचित ठेवणे अनैतिक होते आणि त्यांना पर्यायांची पुरेशी माहिती दिली गेली नाही, अशी टीका झाली. त्या भागात तपासणीची कोणतीही व्यवस्था अस्तित्वात नव्हती व भारतीय परिस्थितीत परवडणारी पद्धत शोधणे आवश्यक होते, अशी बाजू संशोधकांनी मांडली.

भारतात वैद्यकीय चाचण्यांची राष्ट्रीय नोंदणी २००७ साली सुरू झाली व २००९ पासून ती अनिवार्य झाली. २०१९ च्या नियमांनुसार नव्या औषधांच्या चाचणीमुळे इजा झाल्यास भरपाई देणे बंधनकारक आहे. सहभागी व्यक्तीला तिला समजणाऱ्या भाषेत माहिती मिळण्याचा आणि कोणत्याही टप्प्यावर चाचणीतून बाहेर पडण्याचा हक्क असतो. चाचणी नाकारली वा सोडली म्हणून नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत.

परभणी व मराठवाड्यातील स्थिती

या संशोधनाचा लाभ रुग्णाच्या गावापर्यंत पोहोचणे हा स्वतंत्र प्रश्न आहे. मराठवाड्यातील रुग्णांसाठी छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कर्करोग रुग्णालय असून बार्शी येथेही उपचारांची सोय आहे. परभणी येथे २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तरीही गुंतागुंतीच्या उपचारांसाठी परभणी जिल्ह्यातील रुग्ण देवगिरी किंवा नंदिग्राम एक्सप्रेसने मुंबई गाठतात. तेथे दादरची गाडगे महाराज धर्मशाळा व परळची नाना पालकर स्मृती समिती यांसारख्या संस्था रुग्ण व नातेवाइकांच्या निवासाची सोय करतात. प्रवास, मुक्काम व बुडालेली मजुरी हा खर्च औषधांच्या देयकात दिसत नाही. परंतु उपचार अर्धवट सुटण्याचे ते एक प्रमुख कारण असते.

या दृष्टीने घरी घेता येणाऱ्या गोळ्या, कमी मात्रेची औषधे, एकाच वेळी पूर्ण होणारी शस्त्रक्रिया आणि तालुक्याच्या ठिकाणी मिळणारे मॉर्फिन यांचे महत्त्व ग्रामीण भागात अधिक आहे. मोठ्या रुग्णालयातील चाचणीत तेथपर्यंत पोहोचू शकलेल्या रुग्णांचाच समावेश होतो. उशिरा निदान झालेले किंवा घरीच राहिलेले रुग्ण तिच्या कक्षेबाहेर राहतात. बार्शीच्या नोंदणीने व धाराशिवच्या चाचणीने गावपातळीवर असे संशोधन करता येते हे दाखवून दिले आहे. अखेरच्या काळातील शुश्रूषेबाबत तसे काम मराठवाड्यात व्हावयाचे आहे.