रजिस्टर आणि रोल : शुश्रूषेच्या दोन याद्यांचा इतिहास

भाषांतराच्या तासाला ‘व्होकेशन’ हा इंग्रजी शब्द हमखास अडवतो. धर्मगुरूच्या किंवा कवीच्या संदर्भात आला तर त्याचा अर्थ आतून आलेली हाक. मराठीत आपण ‘व्रत’ किंवा ‘वसा’ म्हणतो. त्याचेच विशेषण ‘व्होकेशनल’ अभ्यासक्रमाला चिकटले की अर्थ एकदम खाली उतरतो : हाताला काम देणारे, अल्प मुदतीचे शिक्षण. त्याला आपण ‘व्यवसाय शिक्षण’ म्हणतो. पुढे ‘प्रोफेशन’ येते. त्यालाही आपल्याकडे ‘व्यवसाय’च. ‘व्होकेशनल’कडून ‘प्रोफेशनल’कडे झालेला प्रवास मराठीत सांगू गेल्यास तो ‘व्यवसायाकडून व्यवसायाकडे’ असा होतो आणि विद्यार्थी हसतात.

मात्र या शब्दांमधील अंतरावर काही हजार स्त्रियांचे पगार, बढत्या आणि मायदेशी परतण्याच्या वाटा अवलंबून होत्या, असा एक इतिहास आहे. तो इंग्लंडमधील परिचारिकांचा आहे. आपल्याकडील परिचर्येची कायदेशीर चौकट त्याच साच्यातून आली असल्याने तो सर्वस्वी परका नाही. शुश्रूषेला ‘व्यवसाय’ म्हणून मान्यता मिळवून देणाऱ्या यादीने आपल्याच खाली दुसरी यादी कशी निर्माण केली आणि त्या दुसऱ्या यादीतील स्त्रियांना पहिलीत येण्यासाठी काय करावे लागले, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

१.

साहित्याच्या विद्यार्थ्याला जुन्या पद्धतीची इंग्रज परिचारिका बहुधा डिकन्सच्या ‘मार्टिन चझलविट’मधील (१८४३-४४) सेअरी गॅम्पच्या रूपाने भेटते : मद्याची आवड असलेली, रुग्णापेक्षा स्वतःच्या सोयीकडे पाहणारी बाई. व्यंगचित्र म्हणून ते अजोड आहे. इतिहास म्हणून अन्यायकारक आहे. मोलाने शुश्रूषा करणाऱ्या असंख्य गरीब स्त्रिया अनुभवाने शिकलेल्या आणि कामात चोख असत. परंतु सुधारणावाद्यांना प्रतिमा हवी होती आणि गॅम्पबाई आयती सापडली.

क्रिमियन युद्धातील कार्यानंतर जमलेल्या निधीतून फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांचे विद्यालय सुरू केले. तेथे उमेदवार मुलींच्या प्रगतीची जी पत्रके ठेवली जात, त्यांत मलमपट्टी, रुग्णाला उचलणे, पथ्याचे अन्न अशा कौशल्यांबरोबर वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा यांचीही नोंद असे. नाइटिंगेल यांच्या दृष्टीने परिचारिका घडते ती वॉर्डात, मेट्रनच्या नजरेखाली. शिक्षण त्यांना हवेच होते. पण त्या शिक्षणाचा गाभा त्यांच्या लेखी व्रताचाच होता.

२.

या भूमिकेला आव्हान दिले एथेल गॉर्डन मॅन्सन या तरुणीने. वयाच्या चोविसाव्या वर्षी, १८८१ मध्ये, ती लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाची मेट्रन झाली. १८८७ मध्ये डॉ. बेडफर्ड फेनविक यांच्याशी विवाह झाल्यावर तिने पद सोडले आणि त्याच वर्षी ‘ब्रिटिश नर्सेस असोसिएशन’ स्थापन केली. मागणी सरळ होती : डॉक्टरांप्रमाणे परिचारिकांचेही राष्ट्रीय रजिस्टर असावे. ठरावीक शिक्षण आणि परीक्षा पूर्ण करणाऱ्या स्त्रीचेच नाव त्यात यावे.

नाइटिंगेल यांनी कडाडून विरोध केला. परीक्षेत ज्ञान तपासता येते, स्वभाव तपासता येत नाही. आज चांगली असलेली परिचारिका दहा वर्षांनी तशीच राहील याची हमी यादीतील नाव देत नाही. श्रीमती फेनविक यांचे उत्तर असे की, स्वभावाची प्रशस्तिपत्रे एकेका रुग्णालयाच्या मर्जीवर अवलंबून असतात. काही महिने वॉर्डात काढून आलेली बाई आणि तीन वर्षे शिकलेली परिचारिका यांतला फरक रुग्णाला कळावा कसा?

या वादाचे मर्म समजण्यास आपल्याकडील एक जुना ग्रंथ उपयोगी पडतो. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. त्यांतील परिचारकाच्या अंगीही चार गुण अपेक्षिले आहेत. त्याला उपचारांचे ज्ञान हवे, त्याच्याजवळ दक्षता हवी, रुग्णाविषयी अनुराग हवा आणि शुचिता हवी. पहिल्या दोहोंची परीक्षा घेता येते. अनुरागाची घेता येत नाही. नाइटिंगेल यांचा सारा भर न मोजता येणाऱ्या गुणांवर होता, तर फेनविक यांचा मोजता येणाऱ्या गुणांवर. राज्यसंस्थेला यादी करायची तर मोजता येईल तेच तिच्या हाती लागणार, हे उघड आहे.

हा लढा तीस वर्षांहून अधिक चालला. दरम्यान न्यूझीलंडने १९०१ मध्ये नोंदणीचा कायदा केला आणि जानेवारी १९०२ मध्ये एलेन डॉअर्टी ही अशा राष्ट्रीय कायद्याखाली नोंदली गेलेली जगातील पहिली परिचारिका ठरली. ब्रिटनमध्ये १९०५ साली संसदीय समितीने नोंदणीची शिफारस केली. विधेयके येत राहिली आणि पडत राहिली. पहिल्या महायुद्धाने पारडे फिरवले. थोडेसे प्रशिक्षण घेतलेल्या हजारो स्वयंसेविका लष्करी रुग्णालयांत आल्या. युद्धानंतर त्याही ‘नर्स’ म्हणवून घेतील, ही शिकलेल्या परिचारिकांची भीती होती. अखेर डिसेंबर १९१९ मध्ये नर्सेस रजिस्ट्रेशन अ‍ॅक्ट संमत झाला. १९२१ मध्ये रजिस्टर उघडले आणि त्यातील पहिल्या क्रमांकावर एथेल बेडफर्ड फेनविक हे नाव नोंदले गेले. नाइटिंगेल १९१० मध्येच निवर्तल्या होत्या.

या विजयाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. स्त्रियांच्या कष्टांना राज्याने ज्ञानाचा दर्जा दिला. तरी श्रीमती फेनविक यांच्या मनातील परिचारिका ही सुशिक्षित, सुस्थित घरातील कन्या होती, हेही नोंदवले पाहिजे. त्या रजिस्टरमध्ये मुख्य भाग स्त्रियांचा होता. पुरुष परिचारक, मनोरुग्णांचे परिचारक, मुलांच्या परिचारिका यांची नावे पुरवणी भागांत जात. पुरुष परिचारकांचा वेगळा भाग मुख्य भागात विलीन व्हायला १९४९ चा कायदा यावा लागला.

३.

रजिस्टर झाले, पण काम थांबत नव्हते. दीर्घ आजारी, वृद्ध आणि निराधार रुग्णांच्या वॉर्डांतील पुष्कळसे काम नोंदणी नसलेल्या स्त्रियाच करीत होत्या. तीन वर्षांच्या शिक्षणाची अट जितकी कडक राहील, तितका नोंदणीकृत परिचारिकांचा तुटवडा वाढणार आणि ती पोकळी अट पूर्ण न करणाऱ्याच भरून काढणार, हे ठरलेले होते. दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न टाळता येईना. १९४३ च्या नर्सेस अ‍ॅक्टने सहायक परिचारिकांसाठी निराळी यादी निर्माण केली. तिला ‘रजिस्टर’ म्हटले नाही, ‘रोल’ म्हटले. मराठीत दोहोंना ‘नोंदवही’ किंवा ‘पट’ म्हणून भागेल. पण रजिस्टरमधील स्त्री ‘रजिस्टर्ड’ झाली आणि रोलवरील स्त्री ‘एनरोल्ड’. नावापुढील एका अक्षराने आयुष्याची दिशा ठरू लागली.

रोलचे प्रशिक्षण दोन वर्षांचे आणि मुख्यतः प्रात्यक्षिकाचे होते. ‘सहायक’ हा शब्द या स्त्रियांना बोचत असे. १९६१ मध्ये तो गळला आणि ‘स्टेट एनरोल्ड नर्स’ हे नाव आले. नाव बदलले, छत तेच राहिले. आपल्या रुग्णालयांत आपण प्रत्येक परिचारिकेला ‘सिस्टर’ अशी हाक मारतो. इंग्लंडमध्ये ‘सिस्टर’ हे संबोधन नसून हुद्दा होता, वॉर्डाची प्रमुख. एनरोल्ड नर्सला कितीही वर्षे सेवा करून ‘सिस्टर’ होता येत नसे. रात्रपाळीत मात्र अनेकदा तीच वॉर्ड सांभाळत असे. जबाबदारी मिळण्यास रोल आड आला नाही. श्रेय मिळण्यास आला.

४.

जुलै १९४८ मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि मनुष्यबळाची भूक एकदम वाढली. जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद अशा कॅरिबियन वसाहतींतून तरुण मुलींची भरती होऊ लागली. यांतल्या अनेक मुली रजिस्टरच्या अभ्यासक्रमाला पात्र असताना त्यांना रोलच्या अभ्यासक्रमात घातले गेले आणि दोहोंतला फरक त्यांना नीट सांगितला गेला नाही, हे या स्त्रियांच्या नंतर नोंदवलेल्या आठवणींतून पुन्हा पुन्हा पुढे येते. फरक कळला तो प्रशिक्षणाच्या मध्यावर, कधी ते संपल्यावर. त्यात आणखी एक पेच होता : त्यांतल्या पुष्कळ जणींच्या मायदेशात एनरोल्ड पात्रतेला मान्यताच नव्हती. शिकून परत जाऊ असे घरी सांगून निघालेल्या मुलीच्या हाती जे पत्र पडले, ते ब्रिटनबाहेर निरुपयोगी ठरत होते.

श्रीमती फेनविक यांनी रजिस्टरची कल्पना मांडली ती अज्ञानाला बाहेर ठेवण्यासाठी. सत्तर वर्षांनी त्याच कल्पनेच्या सावलीत वाढलेली दुसरी यादी वर्ण आणि वसाहतीच्या उतरंडीला सोयीची ठरली. कायद्यात वर्णाचा उल्लेख नव्हता. तशी गरजही नव्हती. कोणाला कोणत्या अभ्यासक्रमात घालायचे, हे ठरवणारी माणसे पुरेशी होती.

५.

रोलवरून रजिस्टरमध्ये जाता येत नव्हते असे नाही. पण त्यासाठी पुन्हा विद्यार्थिनी व्हावे लागे : विद्यार्थ्याचे विद्यावेतन, विद्यार्थ्याची शिस्त, आणि ज्यांना आपण काम शिकवले त्यांच्याच शेजारी बाक. चाळिशीत आलेल्या, घरी मुले असलेल्या स्त्रीला हे सहज शक्य नव्हते.

१९८६ मध्ये परिचारिकांच्या केंद्रीय परिषदेने ‘प्रोजेक्ट २०००’ ही शिक्षणसुधारणेची योजना मांडली आणि १९८८ मध्ये सरकारने ती तत्त्वतः स्वीकारली. शिक्षण रुग्णालयांकडून उच्चशिक्षणाकडे जाणार होते. परिचारिकेची पातळी एकच राहणार होती. एनरोल्ड नर्सचे प्रशिक्षण बंद होणार होते. व्यवसायाच्या दृष्टीने ही मोठी झेप होती. पण हजारो एनरोल्ड नर्स कामावर होत्या आणि त्यांचा वर्गच इतिहासजमा ठरवला गेला होता. त्यांच्यासाठी रूपांतर अभ्यासक्रम निघाले. जागांसाठी प्रतीक्षायाद्या लागल्या; काहींनी दूरशिक्षणाने, रात्रपाळी सांभाळून ते पूर्ण केले. अनेकींनी निवृत्तीपर्यंत रोलवरची पात्रताच बाळगली.

या रूपांतर अभ्यासक्रमांत एक प्रामाणिक प्रश्न दडलेला होता. वीस वर्षे वॉर्ड चालवलेल्या स्त्रीला नेमके काय शिकवायचे? औषधशास्त्र, संशोधन वाचणे, आपल्या निर्णयाची कारणे लेखी मांडणे, यांतले काही तिला खरोखरच नवे होते आणि उपयोगाचेही. व्यावसायिकता म्हणजे केवळ अधिक काम करता येणे नव्हे. आपण असे का केले याचे उत्तर स्वतःच्या नावाने देता येणे. नोंदणीचा अर्थ तोच आहे : चूक झाल्यास नाव यादीतून काढले जाऊ शकते. पण उरलेले बरेचसे तिला येत होतेच. फक्त ते तिला येते असे कोणी लिहून ठेवले नव्हते.

२०१३ पासून इंग्लंडमध्ये नव्या परिचारिकेसाठी पदवी अनिवार्य झाली. आणि जानेवारी २०१९ मध्ये तेथील नोंदणी परिषदेने ‘नर्सिंग असोसिएट’ या नव्या वर्गाचे नाव नोंदवण्यास सुरुवात केली : दोन वर्षांचे प्रशिक्षण, परिचारिकेच्या खालचा दर्जा. जुने जाणकार यात रोलचे पुनरागमन पाहतात. फरक एवढाच की या वेळी वर जाण्याची वाट आधीपासून आखून ठेवली आहे. तीस वर्षांपूर्वीच्या रांगांनी एवढे तरी शिकवले म्हणायचे.

६.

आपल्याकडे परिचर्येची संघटना १९०८ मध्ये उभी राहिली. प्रांतिक नोंदणीचे कायदे पाठोपाठ आले : मद्रासमध्ये १९२६, मुंबई प्रांतात १९३५. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद निर्माण केली. चौकट ब्रिटिश होती. अडचण मात्र निराळी. येथे प्रश्न होता तो विटाळाचा आणि परपुरुषाच्या देहाला स्पर्श करण्याचा. रमाबाई रानडे यांच्या पुण्यातील सेवासदनाने विधवा आणि गरजू स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळवले, तेव्हा घरातील विनामोल शुश्रूषेला पगाराचा आणि प्रमाणपत्राचा आधार मिळाला. जे काम ती घरी वसा म्हणून करीतच होती, तेच बाहेर करणे धाडसाचे ठरले.

स्वातंत्र्यानंतर आपणही दुसरी पातळी निर्माण केली. एएनएम म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविका, गावची ‘नर्सबाई’. ‘सहायक’ हा ब्रिटनने १९६१ मध्ये टाकलेला शब्द तिच्या नावात अजून आहे. लसीची पेटी, बाळंतपणे, नोंदींचे जाड रजिस्टर, सारे तीच वाहते. नोंदणीकृत एएनएमला जीएनएमच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज करता येतो. जीएनएमला पुढे दोन वर्षांची पोस्ट बेसिक पदवी घेता येते. शिडी आहे. प्रश्न आहे तो तिच्या पायऱ्या नोकरी, घर आणि वय यांच्यासह चढता येतील अशा आहेत का, हा.

कोणत्याही व्यवसायाला कुंपण लागते. नसले तर रुग्णाचे रक्षण होत नाही. पण कुंपणाची उंची पाहून त्या व्यवसायाची योग्यता ठरवू नये. बाहेर काम करीत असलेल्या माणसासाठी त्याला फाटक ठेवले आहे का, आणि आत येताना त्याने आधी शिकलेले जमेस धरले जाते का, हे पाहावे. ब्रिटनच्या रजिस्टरवरील क्रमांक एकचे नाव परिचर्येच्या प्रत्येक इतिहासात आहे. रोलवरील पहिल्या नावाला तशी ख्याती लाभली नाही. रात्रपाळीचा वॉर्ड मात्र दोघींनीही सांभाळला होता.