पुरुषांचा पोषाख साधा कसा झाला

आज जगांतील बहुतेक शहरांत पुरुष कचेरीला, सभेला किंवा समारंभाला जातांना गडद रंगाचा कोट, तशीच विजार आणि पांढरा सदरा घालतो, तेव्हां त्यांत कांहीं नवल आहे असें कोणालाच वाटत नाहीं. परंतु अडीचशें वर्षांपूर्वींच्या एखाद्या फ्रेंच सरदारानें त्याला पाहिलें असतें, तर घरचा कारकून समजून दारांतच उभें केलें असतें. त्या सरदाराच्या अंगावर रेशीम आणि मखमल असे. त्यावर जरीचें भरतकाम, मनगटाशीं लेसच्या झालरी, गुडघ्यापर्यंत तंग विजार, पायांत रेशमी मोजे आणि डोक्यावर पांढरी पूड फांसलेला केसांचा टोप. पुरुषानें मोरासारखें नटावें, हीच तेव्हांची प्रतिष्ठा होती. ती प्रतिष्ठा पुरुषांनीं कां टाकली, याची हकीकत मोठी मनोरंजक आहे, आणि तिचा शेवट करुण आहे.

हकीकतीचा आरंभ राजवाड्यांत होतो. सन १६६५ मध्यें लंडनांत प्लेगनें कहर केला. १६६६ च्या सप्टेंबरांत अर्धेअधिक शहर आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. शिवाय फ्रान्सशीं युद्ध चालूंच होतें. अशा समयीं, ऑक्टोबर महिन्यांत, दुसऱ्या चार्लस राजानें आपल्या मंत्रिमंडळांत जाहीर केलें कीं, आपण एक नवा पोषाख सुरू करणार व तो पुढें कधींहि बदलणार नाहीं. हा पोषाख म्हणजे अंगाबरोबरची लांब बंडी आणि तिच्यावर कोट. आरमार खात्यांतील अधिकारी सॅम्युअल पीप्स यानें आपल्या रोजनिशींत ही वार्ता टिपून ठेवली आहे, व सरदारमंडळींना काटकसर शिकविणें हा राजाचा हेतु असल्याचेंहि लिहिलें आहे. पुढल्याच महिन्यांत, फ्रान्सच्या चौदाव्या लुईनें तसल्याच बंड्या आपल्या नोकरांच्या अंगावर चढविल्याची बातमी त्याच्या कानीं आली. राजाची प्रतिज्ञा अर्थातच टिकली नाहीं. बंडी मात्र टिकली. आंखूड होत होत तिचेंच पुढें जाकीट झालें.

यानंतरच्या शतकांत इंग्लंडांतील जमीनदार दरबारापेक्षां आपल्या जमिनींवर अधिक राहूं लागले. घोड्यावरून शेतें पाहणें, शिकार करणें, चिखल तुडविणें, या दिनक्रमांत रेशीम काय कामाचें? त्यांनीं लोंकरीचा साधा कोट पत्करला, आणि घोड्यावर बसतां यावें म्हणून त्याचे पुढचे पदर कापून टाकले. तिकडे फ्रान्समध्यें १७८९ सालीं राज्यक्रांति झाली, आणि जरीचे कपडे अंगावर असणें जिवावर बेतूं लागलें. गुडघ्यापर्यंतची विजार ही सरदारांची खूण, तर घोट्यापर्यंतची विजार ही कष्टकऱ्यांची. त्यावरूनच पॅरिसच्या क्रांतिकारकांना नांव पडलें. इंग्लंडांत १७९५ सालीं पिट या मुख्य प्रधानानें केसांच्या पुडीवर माणशीं वर्षाला एक गिनी कर बसविला. पूड वापरणारे झपाट्यानें कमी झाले. जुना थाट असा चहूंकडून ढांसळत असतांना, नवा थाट कोणता हें सांगणारा कोणीतरी हवा होता.

तो जॉर्ज ब्रमेल. जन्म १७७८ सालचा. बाप लॉर्ड नॉर्थ या मुख्य प्रधानाचा खाजगी चिटणीस. घराणें सरदारी नव्हे. ईटनच्या शाळेंतून व ऑक्सफर्डहून तो युवराजाच्या पलटणींत शिरला, आणि युवराजाची मर्जी संपादून बसला. हाच युवराज पुढें चौथा जॉर्ज राजा झाला. पलटण सोडल्यावर ब्रमेलनें लंडनांत घर घेतलें. त्याला ना पदवी, ना जहागीर, ना पराक्रम. तरी पंधरा-सोळा वर्षें लंडनचे उमराव त्याच्या नापसंतीला भीत असत.

त्याचा वेष काय होता? दिवसां निळा कोट, फिकें जाकीट, अंगाबरोबरची फिकी विजार आणि चकचकीत बूट. रात्रीं निळा कोट, पांढरें जाकीट आणि काळी विजार. जर नाहीं, रत्नें नाहींत, अत्तराचा घमघमाट नाहीं. रोज स्नान, काळजीपूर्वक केलेली दाढी आणि शुभ्र धुतलेलीं वस्त्रें. सारी करामत कापण्या-बेतण्यांत होती. लोंकरीचें कापड ओलें करून त्यावर गरम इस्त्री फिरविली असतां तें हवें तेथें आंखडतें, हवें तेथें ताणतें. रेशमाला हें साधत नाहीं. लंडनच्या शिंप्यांनीं या गुणाचा उपयोग करून खांदा, छाती व कंबर यांवर कोट असा बसविला कीं, तो शरीराचाच भाग वाटावा. अलंकाराची जागा आतां बेताच्या अचूकपणानें घेतली.

त्याच्या गळपट्ट्याची कीर्ति तर सर्वत्र होती. त्या काळीं हा मलमलीचा पट्टा सैल लोंबत असे व हनुवटीखालीं चुरगळून जाई. ब्रमेलनें त्याला हलकी खळ दिली. पट्टा गळ्याभोंवतीं घेऊन तो हनुवटी हळूहळू खालीं आणी, आणि तिच्या दाबानें घड्या पाडी. घडी चुकली तर पट्टा दुरुस्त करावयाचा नाहीं, टाकून द्यावयाचा! त्याचा नोकर चुरगळलेल्या पट्ट्यांचा ढीग घेऊन जिना उतरे व "हीं आमचीं अपयशें" असें सांगे, अशी आख्यायिका आहे. खुद्द युवराज त्याचा हा विधि पाहावयास येऊन बसे. एवढा खटाटोप करूनहि, रस्त्यांत लोकांनीं वळून पाहिलें तर पोषाख चुकला, असा त्याचा दंडक असल्याचें सांगतात.

परंतु साधेपणा म्हणजे स्वस्ताई नव्हे. शिंपी, घोडे आणि जुगार यांत बापाची मिळकत संपली. युवराजाशींहि बिनसलें. १८१३ सालच्या एका नृत्यसमारंभांत युवराजानें त्याला ओळख दिली नाहीं, तेव्हां सोबतच्या सरदाराला ब्रमेलनें मोठ्यानें विचारलें, "हा तुमचा लठ्ठ मित्र कोण?" ही गोष्ट लंडनभर झाली. १८१६ सालीं सावकारांना चुकवून तो समुद्रापलीकडे कॅले येथें पळाला. १८३० सालीं त्याला कां या फ्रेंच शहरीं वकिलाची जागा मिळाली. दोन वर्षांत ती रद्द झाली. १८३५ सालीं कर्जापायीं तुरुंग घडला. ज्यानें शुचितेचा धडा दिला, त्यालाच अखेरच्या दिवसांत आपल्या देहाची शुद्ध राहिली नाहीं. ३० मार्च १८४० रोजीं तो त्याच शहरांतील वेड्यांच्या इस्पितळांत मरण पावला.

माणूस गेला, पोषाख राहिला. निळ्याचा काळा झाला, लांब शेंपटांचा कोट पुढें आंखूड झाला, गळपट्ट्याचा नेकटाय झाला. पण गडद कोट, शुभ्र सदरा व अचूक बेत हे नियम कायम राहिले. इंग्रजी राज्याबरोबर तो कोट महाराष्ट्रांतहि आला, आणि एकोणिसाव्या शतकांतील सुशिक्षितांनीं तो धोतरावर चढविला. डोक्यावरची पगडी व खांद्यावरचें उपरणें मात्र सोडलें नाहीं.

पोषाखाची भाषा किती दूर पोंचते, हें पुण्यानें १८८८ सालच्या मार्च महिन्यांत पाहिलें. व्हिक्टोरिया राणीचा पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या सन्मानार्थ हरि रावजी चिपळूणकर यांनीं समारंभ केला होता. ब्रमेलच्या युवराजाच्या पुतणीचाच हा मुलगा. मंडळी हिरेमाणकांनीं मढून आली. जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषांत आले. या जमलेल्या श्रीमंतांवरून हिंदुस्थानची परीक्षा करूं नका, खरी प्रजा खेड्यांत राहते, अशा आशयाचें भाषण त्यांनीं ड्यूकसमोर केलें.

ब्रमेलनेंहि जर टाकली, फुल्यांनींहि टाकली. एकानें आरशासमोर उभें राहून ती टाकली, आणि त्याच्या मागें एक सुंदर कोट उरला. दुसऱ्यानें आपल्या लोकांसमोर उभें राहून ती टाकली. कोणता कपडा शोभतो याचें उत्तर शिंपी देऊं शकतो. तो कोणासाठीं घालावयाचा, हें ज्याचें त्यानेंच ठरवावें लागतें.